एक केबल, तीन स्विच

‘हब आणि स्विच यांतला फरक सांगा’ हा ओरलचा ठरलेला प्रश्न. मीही उत्तर पाठ करून गेलो होतो, मार्कही मिळाले. पण स्विच म्हणजे काय हे खरं कळलं ते मी स्वतः लॅब बंद पाडली तेव्हा!

प्रॅक्टिकल परीक्षेची आदली संध्याकाळ. लॅब आवरताना स्विचजवळ एक केबल लोंबकळताना दिसली. एक टोक स्विचमध्ये होतंच. बरं दिसत नाही म्हणून दुसरं टोकही मी त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं. थोड्याच वेळात सगळे दिवे एकदम लुकलुकू लागले आणि एकाही पीसीला सर्व्हर सापडेना. लॅब असिस्टंट काका रात्री आठपर्यंत एकेक केबल काढून बघत होते. सरांची बोलणीही त्यांनीच खाल्ली. मी मात्र गप्प!

असं का झालं? हब आलेली फ्रेम बाकीच्या सगळ्या पोर्टवर पाठवतो. स्विच मात्र कुठल्या पोर्टवर कोणता ४८ बिटांचा मॅक अ‍ॅड्रेस आहे, याचं टेबल बनवतो आणि फ्रेम नेमक्या पोर्टवर देतो. (इथरनेट स्विच पहिल्यांदा बाजारात आणला तो १९९० च्या सुमारास एका कंपनीने, तिचं नाव चक्क ‘कल्पना’! १९९४ मध्ये ती सिस्कोने विकत घेतली.) पण ब्रॉडकास्ट फ्रेम, उदाहरणार्थ ‘हा आयपी कोणाचा?’ असं विचारणारी एआरपी, स्विचलाही सगळीकडे पाठवावीच लागते. माझ्या केबलमधून ती परत त्याच स्विचमध्ये आली, पुन्हा सगळीकडे गेली, पुन्हा परत आली. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, तो संपला की पॅकेट मरतं. इथरनेट फ्रेमला तशी सोय नाही. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

आता हीच केबल तीन प्रकारच्या स्विचमध्ये लावून बघू.

१) अनमॅनेज्ड स्विच : स्वस्त, सेटिंग काही नाही, केबल लावा की चालू. घराला किंवा चार पीसींच्या ऑफिसला उत्तम. पण लूप झाला तर बहुतेक वेळा सगळं ठप्प. आमचा स्विच हाच.

२) मॅनेज्ड (लेअर २) स्विच : यात स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल असतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये तो शोधला. लूप दिसला की स्विच एक पोर्ट ब्लॉक करतो, म्हणजे माझी केबल नुसती शोभेला राहिली असती. शिवाय व्हीलॅन करून एकाच स्विचचे अनेक वेगळे भाग पाडता येतात. कोणता पोर्ट गडबड करतोय, तेही खुर्चीत बसून कळतं.

३) लेअर ३ स्विच : व्हीलॅन वेगळे केले की त्यांना एकमेकांशी बोलायला राउटिंग लागतं. ते हा स्विच हार्डवेअरमध्येच, वेगाने करतो. एका डिपार्टमेंटचा ब्रॉडकास्ट दुसऱ्यात जात नाही. किंमत जास्त, त्यामुळे कॅम्पसच्या मध्यभागी एखाद-दुसरा पुरतो. प्रत्येक लॅबमध्ये लावणं म्हणजे पैसे वाया.

‘पीओई’ हा मात्र चौथा प्रकार नव्हे, ती जादा सोय आहे. कॅमेरा किंवा वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंटला डेटाच्या केबलमधूनच वीज मिळते. २००३ च्या मूळ स्टँडर्डमध्ये पोर्टमागे १५.४ वॅट होती.

तेव्हा स्विच निवडताना नुसते पोर्ट मोजू नका. ‘कुणी चुकीची केबल लावली तर काय होईल?’ हेही विचारा. कारण माझ्यासारखा कुणीतरी ती लावतोच!

आणि हो, दुसऱ्या दिवशी मी काकांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “अरे, कालच बोलला असतास तर दोन मिनिटांचं काम होतं.” मग मी सरांकडेही गेलो. तिथली बोलणी मात्र माझी मीच खाल्ली.