स्वातंत्र्याच्या तीन कसोट्या

‘तूं स्वतंत्र आहेस काय?’ असें कोणी विचारल्यास, ‘मला कोणी अडवीत नाहीं, म्हणून मी स्वतंत्र आहें,’ असें आपण सहज म्हणतों. हें उत्तर पुरेसें आहे काय, याविषयीं तीन विचारपंथांचें म्हणणें क्रमानें पाहूं.

पहिला पंथ अराज्यवाद्यांचा. रशियन विचारवंत बाकूनिन याच्या मतें शेजाऱ्याचें स्वातंत्र्य हें माझ्या स्वातंत्र्याचें कुंपण नसून त्याचा आधार आहे. गुलामांमध्यें राहणारा मनुष्य खरा स्वतंत्र नव्हे. म्हणून हुकमत चालविणारी राज्यसत्ताच त्याला नको होती. मग समाज चालावा कसा? क्रोपॉटकिन यानें १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, परस्परसाहाय्याची प्रवृत्ति प्राणी व माणसें यांच्यांत मूळचीच आहे, असें दाखविलें.

दुसरा पंथ समाजसत्तावाद्यांचा. ज्याला पोटासाठीं दिवसभर गिरणींत राबावें लागतें, त्याच्या पायांत बेडी नसली तरी तो स्वतंत्र कसा, असें ते विचारतात. कामाचा दिवस लहान होणें ही मार्क्सनें स्वातंत्र्याची मूळ अट मानिली. इंग्लंडांत १८४७ च्या कायद्यानें गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांना दहा तासांची मर्यादा मिळाली, तो त्याला तत्त्वाचा विजय वाटला.

परंतु सत्ता कोणाच्या हातीं द्यावी, यावरून या दोन पंथांत फूट पडली. १८७२ सालीं हेग येथील परिषदेंत बाकूनिनला आंतरराष्ट्रीय कामगार संघांतून काढण्यांत आलें. कामगारांच्या नांवानें चालणारें राज्यही मूठभरांचें होईल, अशी त्याला भीति होती. ती अनाठायीं नव्हती. १९२० सालीं वृद्ध क्रोपॉटकिननें, कारभार जनतेच्या सभांकडून पक्षाच्या समित्यांकडे गेला आहे, असें लेनिनला पत्रानें कळविलें.

तिसरा पंथ समूहनिष्ठांचा. कॅनडाचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनीं १९७९ सालीं एक मार्मिक दृष्टांत दिला. लंडनांत वाहतुकीचे दिवे माणसाला पदोपदीं थांबवितात. अल्बेनियांत असे दिवे थोडे, पण तेथें १९६७ पासून धर्माचरणासच बंदी होती. ती १९९० मध्यें उठली. अडथळे कमी, म्हणून त्या वेळचा अल्बेनिया अधिक स्वतंत्र, असें कोण म्हणेल? अडथळ्यांची संख्या नव्हे, तर अडविलेल्या गोष्टीचें मोल पाहावें लागतें. आणि मोल ओळखण्यास आपण घर, भाषा व समाज यांतच शिकतों. मात्र तोच समाज कधीं कधीं आपल्यांतील एखाद्याचा आवाजही दाबतो, हें विसरूं नये.

एवंच, कसोट्या तीन: मजवर हुकूम कोण चालवितो? मजपाशीं वेळ व साधन आहे काय? आणि जें करण्यास मोकळीक हवी, त्याचें मोल काय? हे प्रश्न स्वतःपुरतेच विचारूं नका. आपल्या घरांत जी व्यक्ति सर्वांच्या शेवटीं जेवते, तिच्याविषयींही विचारा.