लाँग म्हणजे फक्त लांब नव्हे! ऑर्डर आणि पेमेंटच्या इंग्रजीतला एक छोटा शब्द



व्यवसायाचं इंग्रजी शिकताना आपण अवघड शब्दांच्या मागे लागतो. पण घोटाळा बहुतेक वेळा सोप्या शब्दांत होतो, कारण ते आपल्याला येतात असं आपण धरून चालतो. असाच एक शब्द म्हणजे लाँग. शाळेत शिकलो, लाँग म्हणजे लांब. बरोबर आहे, पण ग्राहकाच्या मेलमध्ये आणि परचेस ऑर्डरमध्ये हा शब्द लांबीपेक्षा वेळ आणि अट सांगायलाच जास्त येतो. तिथे अर्थ चुकला तर पैसे जातात. चला, एकेक वापर बघूया.

1. हाउ लाँग: लांबी की वेळ?

तुम्ही पडदे शिवता आणि ग्राहक विचारतो, "हाउ लाँग इज इट?" तर तो लांबी विचारतोय. उत्तर द्या, "सेव्हन फीट." फूट, इंच की मीटर, ते सांगायला विसरू नका.

पण "हाउ लाँग विल इट टेक?" म्हणजे काम व्हायला किती वेळ लागेल. उत्तर, "इट विल टेक टेन डेज." हे दहा दिवस कधीपासून मोजायचे, ऑर्डरपासून की ॲडव्हान्स मिळाल्यापासून, तेही त्याच मेलमध्ये लिहून टाका. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

तिसरा प्रश्न हमखास येतो, "हाउ लाँग हॅव यू बीन इन धिस बिझनेस?" आपण मराठीत "सहा वर्षांपासून" म्हणतो, म्हणून तोंडात येतं "सिन्स सिक्स इयर्स". हे चूक. नियम सोपा आहे: किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर, कधी सुरुवात झाली ते सांगायचं असेल तर सिन्स. म्हणजे "फॉर सिक्स इयर्स" किंवा "सिन्स 2019".

2. नो लाँगर: इथे लांबीचा काही संबंध नाही

समजा, तुम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवता. मेल येतो, "धिस साइझ इज नो लाँगर रिक्वायर्ड." घाईत वाचलं तर वाटतं, साइझ आणखी लांब नको, आहे तीच ठेवा. आणि आपण तोच माल काढत राहतो! खरा अर्थ असा की ही साइझ आता लागणारच नाही. नो लाँगर म्हणजे आधी होतं, आता नाही. हे दोन शब्द दिसले की मशीन थांबवा आणि आधी फोन करा.

3. ॲज लाँग ॲज: ही अट आहे

"द रेट विल रिमेन द सेम ॲज लाँग ॲज द मंथली ऑर्डर इज 500 पीसेस ऑर मोअर."

यात "रेट बराच काळ तोच राहील" असं वचन नाही. महिन्याला 500 किंवा जास्त नगांची ऑर्डर असेल, तोपर्यंतच हा रेट. ऑर्डर 300 वर आली की अट मोडली. कोटेशन देताना तुम्हीही हे वाक्य वापरा, म्हणजे कमी मालाला होलसेल भाव मागणाऱ्याला नम्रपणे कागद दाखवता येतो. समोरच्याच्या कागदावर हे शब्द असतील तर सही करण्याआधी पुढची अट दोनदा वाचा.

4. लाँग ओव्हरड्यू: अडकलेलं पेमेंट

पेंडिंग म्हणजे बाकी. त्याची तारीख अजून उलटलेली नसेलही. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटून गेलेलं, आणि लाँग ओव्हरड्यू म्हणजे फार दिवस रखडलेलं. वसुलीच्या पत्रात नुसतं "पेंडिंग" लिहिलं की पत्राचा जोर जातो. त्यापेक्षा लिहा, "धिस इन्व्हॉइस इज ओव्हरड्यू बाय 32 डेज." आकडा बोलतो.

इथे कायदाही माहीत हवा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावे लागतात, आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवा आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

5. लाँग टर्म आणि इन द लाँग रन

लाँग टर्म म्हणजे दीर्घ मुदतीचं. मशीन अनेक वर्षं चालणार, म्हणून तिच्यासाठी हप्त्याने फेडायचं टर्म लोन. कच्चा माल महिन्या-दोन महिन्यांत विकून पैसा परत येतो, म्हणून त्यासाठी कॅश क्रेडिट. कॅश क्रेडिटचा पैसा मशीनमध्ये घातला की कच्च्या मालाला हात आखडतो.

इन द लाँग रन मध्ये कोणी पळत नाही. त्याचा अर्थ शेवटी, पुढचा विचार करता. "चीप पॅकिंग कॉस्ट्स मोअर इन द लाँग रन." स्वस्तातलं पॅकिंग शेवटी महागात पडतं.

6. मापातला लाँग

काही धंद्यांत लाँग हे ठरलेलं माप असतं. कापसात लाँग स्टेपल म्हणजे भारतीय वर्गवारीत साधारण 27.5 ते 32 मिलिमीटर लांबीचा धागा. परदेशी व्यवहारात टन शब्द आला तर आणखी सावध राहा. आपला मेट्रिक टन 1000 किलोचा, लाँग टन सुमारे 1016 किलोचा आणि अमेरिकेत चालणारा शॉर्ट टन सुमारे 907 किलोचा. अमेरिकन ग्राहकाला नुसता "पर टन" भाव दिला, तर तो नेमका किती मालाचा भाव यावरून वाद होऊ शकतो. कोटेशनवर "मेट्रिक टन" असं पूर्ण लिहा.

आजचा गृहपाठ

तुमचे शेवटचे दहा मेल, कोटेशन आणि परचेस ऑर्डर उघडा. लाँग शब्द जिथे दिसेल तिथे थांबा आणि स्वतःला विचारा: ही लांबी आहे, वेळ आहे, की अट? अट असेल तर ती मराठीत वहीत उतरवून काढा. मग खालची तीन वाक्यं मोठ्याने म्हणा आणि अर्थ सांगा.

- "हाउ लाँग इज द वॉरंटी?"
- "वी नो लाँगर एक्सेप्ट कॅश."
- "यू कॅन रिटर्न इट ॲज लाँग ॲज द सील इज नॉट ब्रोकन."

तिसरं वाक्य तुमच्या दुकानाच्या बिलावर छापायलाही चालेल. सील फुटलेलं नसेल तरच माल परत! ग्राहकाला स्पष्ट आणि तुम्हालाही स्पष्ट.