१८ व्होल्टची बॅटरी: कंपनीची ठेवायची की लोकल?



कॉर्डलेस मशीनच्या बॅटऱ्यांवरच्या व्हिडिओत हिशोब फार पटकन गेला. टूल्सचं दुकान टाकायच्या तयारीत असाल तर तो कागदावर मांडून बघायला हवा, म्हणून इथे सावकाश लिहितो.

गिऱ्हाईक काउंटरवर जुनी बॅटरी ठेवतं आणि विचारतं, "ही कितीला?" तुम्ही आठ हजार सांगता. लगेच पुढचा प्रश्न येतो, "आणि डुप्लिकेट?" याचं उत्तर दुकान उघडायच्या आधीच ठरलेलं पाहिजे.

आधी शब्द नीट करू. 'डुप्लिकेट' या एकाच नावाखाली आपण दोन वेगळे माल विकतो. एक म्हणजे दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने बनवलेली, पण त्या मशीनला बसणारी बॅटरी. हा सरळ धंदा आहे. दुसरी म्हणजे जिच्यावर मकिता, बॉश, डीवॉल्ट असं नाव छापलंय, पण त्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही. ती नकली. ट्रेड मार्क्स कायदा १९९९, कलम १०४: असा माल विकला तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. "मला सप्लायरने दिली" एवढं सांगून सुटका होत नाही. माल घेताना काळजी घेतली होती, संशयाला जागा नव्हती, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. ती दुकानात नकोच. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी लोकल बॅटरीचे २० नग आणले. १४०० ला घेतले, २२०० ला विकले. एका नगामागे ८०० सुटतायत म्हटल्यावर मी खूश. वर लिहिलेलं '६ एएच'. त्यातल्या दोन एका फॅब्रिकेटरने ग्राइंडरसाठी नेल्या. तीन आठवड्यांनी तो परत आला. मशीन सुरू व्हायचं, पण लोखंडाला चाक टेकवलं की बंद पडायचं. साइटवर लाइट नव्हती, दोन हेल्पर अर्धा दिवस बसून राहिले, आणि त्यांची मजुरी त्याला द्यावी लागली. तो माझ्यावर ओरडला नाही. बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही दिल्या म्हणून घेतल्या."

रिपेअरवाल्याकडून एक उघडून घेतली. दहा सेलची जागा, आत सेल पाचच.

आता हे समजून घ्या, कारण गिऱ्हाइकाला समजावायचं तुम्हालाच आहे. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. फुल चार्ज झाल्यावर तोच संच २१ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून १८ व्होल्ट, '२० व्होल्ट मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' ही एकाच पाच सेलची नावं. स्वस्त मशीनवर ४८, ८८ असे आकडे छापतात, आत बहुतेक हेच पाच असतात. दुसरी पाच सेलची रांग जोडली की व्होल्ट तेवढेच राहतात, एएच दुप्पट होतात आणि प्रत्येक सेलवरचा भार निम्मा होतो. समजा ग्राइंडर जोरात असताना ३० अँपिअर ओढतोय. दहा सेल असतील तर प्रत्येकाला १५ द्यावे लागतात, पाच असतील तर पूर्ण ३०. पॉवर बँकेतल्यासारखे हळू करंट देणारे सेल असतील तर ते तापतात, व्होल्टेज पडतं, मशीन थांबतं. हीच बॅटरी सुताराच्या स्क्रू मारायच्या ड्रिलवर मात्र बरी चालते. तिथे ओढ कमी असते.

बॅटरी न उघडता तपासायचा सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. नेहमीच्या १८६५० मापाचा एक सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. दहा सेलच साडेचारशेच्या वर जातात, मग डबी आणि सर्किट. '६ एएच' लिहिलेली अख्खी बॅटरी चारशे ग्रॅमच्या आत भरली तर सप्लायरला तिथेच परत करा. वजन बरोबर आलं म्हणजे माल चांगला असं मात्र नाही, सेल जुने असू शकतात. लेबलवर आयएस १६०४६ आणि आर-नंबर शोधा आणि तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. लेबलवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे.

आता माझा हिशोब. २० नगांचे ८०० प्रमाणे १६,००० सुटले. सहा परत आले, ते मी माझ्या खिशातून बदलून दिले (सप्लायर म्हणाला, जळालेल्याला वॉरंटी नाही). ६ गुणिले १४०० म्हणजे ८,४०० गेले. उरले ७,६००, नगामागे ३८०. कंपनीची बॅटरी ७२०० ला घेऊन ८००० ला विकली तरी ८००च सुटतात, आणि वॉरंटी कंपनी बघते. शिवाय तो फॅब्रिकेटर महिन्याला चार-पाच हजारांची कटिंग व्हील आणि ड्रिल बिट माझ्याकडून न्यायचा. ते गिऱ्हाईक गेलं. बीबीएला 'कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू' पाठ केली होती, कळली त्या दिवशी.

पण मग फक्त कंपनीचीच ठेवा असंही मी म्हणणार नाही. वीस नगांत १,४४,००० अडकतात. नव्या दुकानाला ते झेपत नाही. शिवाय महिन्यातून चार वेळा ड्रिल चालवणाऱ्याने आठ हजार का घालावेत? मी आता कंपनीचे दोनच नग ठेवतो, बाकी ऑर्डरवर. लोकल एकाच सप्लायरची, तीही सहा महिन्यांची बदली त्याने बिलावर लिहून दिली तरच. आणि विकताना पहिला प्रश्न: "कुठल्या मशीनला लावणार?" ग्राइंडर, हॅमर, सर्क्युलर सॉ म्हटलं की लोकल देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

परत आलेल्या बॅटऱ्या काउंटरखाली थिनरच्या डब्यांशेजारी टाकू नका. मी टाकल्या होत्या, आठवलं की अजून धस्स होतं. टोकांना टेप लावा, वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि अधिकृत ई-कचरा किंवा बॅटरी घेणाऱ्याकडे द्या. फुगलेली बॅटरी चार्ज करून 'बघू' नका.

बिलावर मी आता असं लिहितो: "१८ व्होल्ट बॅटरी, अमुक ब्रँड, मशीन-कंपनीची मूळ नाही, ड्रिल व स्क्रू ड्रायव्हरसाठी, बदली ६ महिने." हे वाचून काही जण बॅटरी ठेवून निघून जातात. जाऊ द्यायचं.