हृदयातील जाळरेषा

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि मिनिटभर नाडी मोजा. शांत बसलेले असाल तर साधारण ७० ते ८० ठोके भरतील, आणि ते बरेचसे तालात असतील.

हा ताल कोण धरतो? उजव्या कर्णिकेच्या भिंतीत एक लहानसा पेशीपुंज आहे. लेझीम खेळताना गुरुजींची शिट्टी वाजावी, तशी त्यातून विजेची लहर निघते. ती वरच्या दोन्ही कर्णिकांत पसरते, क्षणभर थबकते आणि खालच्या जवनिकांत उतरते.

काही रुग्णांत ही शिस्त मोडते. अनेक लहरी कर्णिकांत स्वैर फिरतात. मिनिटाला ३५० ते ६०० स्पंद उठतात. कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात. हेच ‘एट्रियल फिब्रिलेशन’. डाव्या कर्णिकेच्या खिशासारख्या भागात मग रक्त साकळते. ती गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली, तर पक्षाघात होतो.

आपल्याकडे याचे मूळ पुष्कळदा बालपणी झालेल्या संधिवातज्वरात असते. त्याने द्विदल झडप अरुंद होते, मागे रक्त तुंबते आणि डावी कर्णिका फुगते. लहरींना फिरायला मोठे मैदानच मिळते! त्यामुळे जुनी थरथर नुसती झडप बदलून बहुधा थांबत नाही.

वणवा अडवण्यासाठी वनखाते काय करते? गवताचा पट्टा आधीच जाळून ‘जाळरेषा’ काढते. तेथे जळायला काहीच उरत नाही, म्हणून आग पुढे सरकत नाही. १९८७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. जेम्स कॉक्स यांनी कर्णिकेत अशाच रेषा आखल्या. त्यांनी कर्णिका ठरावीक ठिकाणी कापून पुन्हा शिवली. जखमेच्या वणातून वीज वाहत नाही. त्यामुळे भरकटलेल्या लहरींच्या वाटा बंद होतात. शिट्टीच्या लहरीला मात्र वाट मोकळी राहते.

पण एवढे कापणे-शिवणे वेळखाऊ आणि रक्तस्रावाच्या दृष्टीने जोखमीचे. आता हे काम पुष्कळदा थंडीकडून करून घेतात. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा हाताला गार लागते ना? दाबाखालचा वायू प्रसरण पावताना थंड होतो. धातूच्या पोकळ कांडीत नायट्रस ऑक्साइड किंवा अरगॉन असाच सोडला, की तिचे टोक उणे ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली जाते. ते काही मिनिटे टेकवले की त्या रेषेतील स्नायुपेशी गोठून मरतात. तंतूंचे जाळे मात्र शाबूत राहते, म्हणून भिंत फाटत नाही.

झडपेच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवलेलेच असते, रक्ताभिसरण यंत्रावर चालू असते आणि द्विदल झडपेसाठी डावी कर्णिका उघडलेली असते. तेव्हाच या रेषा काढल्या, तर छाती पुन्हा उघडावी लागत नाही.

सर्वांनाच गुण येतो असे नाही. कर्णिका फार फुगली असेल किंवा विकार फार जुना असेल, तर थरथर परतू शकते. काहींना पेसमेकरही लागतो.

म्हणून घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. जंतुसंसर्ग ओळखून वेळीच दिलेले पेनिसिलिन संधिवातज्वर टाळू शकते. वणवा पेटण्यापूर्वी ठिणगी विझवणे केव्हाही सोपे!