अश्वसेवेचा पाठ : घोड्याला पूरक खुराक कसा निवडावा?



आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात दोन अश्व चालतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. ती पाठ माउलींची, अशी आपली श्रद्धा आहे. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले, तेव्हापासून हा मान त्या घराण्याकडे चालत आला आहे. अंकली ते आळंदी सुमारे 300 किलोमीटर आणि आळंदी ते पंढरपूर आणखी अडीचशेच्या घरात. त्यात चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण आणि पुढे गोल रिंगणे. आपल्याकडे शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीतही अश्व असतात.

रिंगण झाले की टापांखालची माती आपण कपाळी लावतो. पुढे कोणी पेढा काढतो, कोणी गुळाचा खडा, कोणी केळे, आणि ते अश्वाच्या तोंडाशी नेतो. भाव खरा असतो, त्यात शंका नाही. पण पोट घोड्याचे असते. भावाने दिलेला घासही त्या पोटाला मानवतो की नाही, हे पाहणे सेवेचाच भाग आहे.

आपल्या कळमेश्वर तालुक्यातले धापेवाडे म्हणजे विदर्भाची पंढरी. तिथेही चंद्रभागा आहे, तिथेही विठुराया उभा आहे, आणि आषाढी पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. या भागात कोणी दिंडीसाठी घोडा बाळगतो, कोणी वरातीसाठी, कोणी हौसेने. घोडा जरा उतरला, खूर तडकले, केस रुक्ष झाले की मालक दुकानात जातो आणि एखादा रंगीत पुडा घेऊन येतो. महिन्याभरात गुण आला नाही की दुसरा पुडा आणतो. कोणता पुडा घ्यावा, आणि त्याहीआधी घ्यावा की नाही, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

पहिला विचार : पूरक म्हणजे काय?

जे उणे आहे ते भरून काढते ते पूरक. भाकरीच नसेल तर ताटातल्या लोणच्याने पोट भरत नाही, तसेच चाऱ्यावाचून पुड्याचे. म्हणून पुडा हाती घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे, ‘माझ्या घोड्याच्या खुराकात नेमके उणे काय आहे?’ याचे उत्तर आल्यावाचून विकत घेतलेली पूड गेली तर वाया जाते, नाही तर अपाय करते.

घोड्याची जठराची पिशवी लहान असते, दहा-पंधरा लिटरची. खरे काम पुढे मोठ्या आतड्यात चालते. तिथले सूक्ष्म जीव चारा आंबवून त्यातून शक्ती काढतात. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले वाईट बाहेर टाकण्याचा कुत्र्यामांजरांचा मार्ग त्याला नाही. म्हणून खुराकातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत, थोडाथोडा करावा. एकदम बदल केला की पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने घोडा दगावतो.

दुसरा विचार : वजन आणि मूळ खुराक

वजन ठाऊक नसेल तर मात्रा ठरत नाही. काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. त्याचा वर्ग करावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने त्याला गुणावे आणि 11,880 ने भागावे. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर वजन साधारण 323 किलो येते. हे अंदाजाचे आहे, पण नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाहून पुष्कळ बरे.

घोड्याला रोज वजनाच्या शेकडा दीड ते अडीच इतका कोरडा खुराक लागतो. आपल्या 323 किलोच्या घोड्याला तो पाच ते आठ किलो झाला. त्यात कडबा आणि गवत मिळून निदान पाच किलो असावे, दाणा उरलेल्यात. एका वेळी दीड किलोहून अधिक दाणा देऊ नये. पाणी स्वच्छ आणि सदैव समोर असावे. उभ्या घोड्याला निदान 20 लिटर, उन्हात चालणाऱ्याला त्याच्या दुप्पट.

एवढे असूनही घोडा वाळत असेल, तर आधी दात आणि जंत पाहावेत. दाढांना धार आली की घोडा चावत नाही, अर्धवट चावलेले घास खाली टाकतो. जंत असले की खाल्लेले अंगी लागत नाही. हे दोन्ही पशुवैद्य पाहतो. पुड्याने बरे होत नाही.

तिसरा विचार : उणे कोठे पडते?

मीठ. साध्या चाऱ्यात मीठ फार कमी असते, आणि घोड्याच्या घामात क्षार पुष्कळ असतात. एक लिटर घामाबरोबर दहा ग्रॅमच्या आसपास क्षार जातात. म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेचे पूरक म्हणजे आपल्या घरातले मीठ. उभ्या घोड्याला रोज 15 ते 20 ग्रॅम, घाम गाळणाऱ्याला 30 ते 50 ग्रॅम. ते दाण्यात मिसळून द्यावे आणि पाणी जवळ असावे. पाण्यावाचून मीठ म्हणजे उलटा उपाय.

कॅल्शियम. दाणा आणि कोंडा यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. एक किलो गव्हाच्या कोंड्यात दीड ग्रॅमच्या आतबाहेर कॅल्शियम आणि दहा ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. घोड्याला याच्या उलट लागते. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट असावे. वर्षभर कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतून कॅल्शियम निघून जाते, जबड्याची आणि नाकाची हाडे फुगतात आणि तो लंगडू लागतो. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग होई. यावर उपाय म्हणजे लसूणघास, अथवा खाण्याजोगी शुद्ध चुनखडीची पूड. 25 ग्रॅम पुडीत नऊ-दहा ग्रॅम कॅल्शियम मिळते. पानाला लावायचा चुना मात्र चालत नाही. तो तोंड आणि आतडे भाजतो.

ई जीवनसत्त्व. हिरव्या चाऱ्यात हे भरपूर असते. वाळल्यावर बहुतेक नाहीसे होते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हिरवे खाणाऱ्या घोड्याला वेगळे द्यावे लागत नाही. चैत्र-वैशाखात नुसत्या कडब्यावर असलेल्या घोड्याला मात्र किलो वजनामागे रोज एक ते दोन एकके लागतात.

सेलेनियम. याची गरज अतिशय थोडी. आपल्या घोड्याला दिवसाला एका मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ते वाढले की आयाळ आणि शेपटीचे केस गळतात, खूर फाटतात. इथेच मालक फसतो. केस गळतात म्हणून तो आणखी एक पुडा आणतो, त्यातही सेलेनियमच असते. 2009 साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका पोलो संघाचे 21 घोडे सामन्याच्या तोंडावर मेले. त्यांना तरतरी यावी म्हणून जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे मिश्रण टोचले होते. ते बनविताना सेलेनियमचे प्रमाण चुकले होते. तोलामोलाचे घोडे, पदरी डॉक्टर, तरी हे झाले. मग आपण दोन पुडे एकत्र करताना किती जपावे!

बायोटिन. तडकणाऱ्या खुरांना रोज 15 ते 20 मिलिग्रॅम दिल्याने पुष्कळ घोड्यांना गुण येतो. परंतु खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटरच वाढतो. वरपासून खालपर्यंत नवा यायला नऊ महिने ते वर्ष लागते. ज्येष्ठात सुरू करून आषाढीला फळ मागू नये.

चौथा विचार : पुड्यावरचा हिशेब

पुड्यावर मोठा आकडा असतो, तो किलोमागे असतो. घोड्याच्या पोटात जाते ती मात्रा. समजा, पुड्यावर ‘ई जीवनसत्त्व किलोमागे 5,000 एकके’ असे छापले आहे आणि रोजची मात्रा 20 ग्रॅम आहे. म्हणजे घोड्याला मिळतात फक्त 100 एकके. गरज 323 ते 646 एककांची. नाव ई जीवनसत्त्वाचे, पण मिळाले गरजेच्या तिसऱ्या भागाहूनही कमी. म्हणून घेताना चार गोष्टी पाहाव्यात :

1. पुडा घोड्यासाठीच आहे ना?
2. प्रत्येक घटकाचे प्रमाण छापले आहे का? ‘गुप्त वनस्पतींचे मिश्रण’ एवढेच लिहिले असेल तर परत ठेवावा.
3. मात्रेमागे प्रत्यक्ष किती मिळते?
4. तारीख उलटली नाही ना?

आणि एका वेळी एकच नवे पूरक सुरू करावे. तीन एकदम दिली तर गुण कोणाचा आणि अवगुण कोणाचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

पाचवा विचार : आपल्या शिवारातले जिन्नस

जवस हे आपल्या विदर्भाचे जुने धन. त्याने अंगावर चकाकी येते, तेलातली चांगली स्निग्धता मिळते. पण कच्चे जवस पाण्यात भिजत ठेवले तर त्यात विष तयार होऊ शकते. ते चांगले उकळूनच द्यावे. सोयाबीन घरचे आहे म्हणून कच्चे टाकू नये. ते पचनाला अडथळा करते. भाजून किंवा शिजवून द्यावे. हरभरा उत्तम, भरडून आणि भिजवून. कोवळी हिरवी ज्वारी विषारी असते, ती वर्ज्य. गाईसाठी लावलेले संकरित नेपिअर गवत रोज घोड्याला घातले तर त्यातले आम्ल कॅल्शियम अडवून धरते. बुरशी धरलेला कडबा, मका किंवा भुईमुगाची ढेप थोडीसुद्धा देऊ नये. ते घोड्याला चालत नाही.

सर्वांत मोठी सूचना ही : कोंबड्यांचे आणि गुरांचे तयार खाद्य घोड्यापुढे ठेवू नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन नावाचे औषध असते. कोंबडीला ते मानवते. घोड्याच्या हृदयाचे स्नायू ते मारते, आणि त्याला उतारा नाही.

शंका-समाधान

*शंका :* घोडा थकला म्हणजे रक्त कमी झाले. लोहाचे टॉनिक का देऊ नये?
*समाधान :* चाऱ्यात लोह पुरेसे असते. लोहाच्या उणिवेने घोडा थकल्याचे क्वचितच दिसते. जास्त लोह यकृतावर बसते. थकव्याचे कारण जंत, ताप किंवा घामाने गेलेले क्षार असू शकते. रक्त तपासावे, मग बोलावे.

*शंका :* आमचे आजे घोड्याला रोज गूळ घालीत, तो दणकट होता.
*समाधान :* आज्यांचा घोडा रोज मैलोन्‌मैल चालत होता. आजचा वरातीचा घोडा आठवड्यातले पाच दिवस खुंट्याला असतो. बसून खाल्लेला गोडवा खुरांत उतरतो. खुरांना आतून दाह होतो आणि घोडा पाय टेकवीत नाही. खुराक कष्टाप्रमाणे असावा.

वारीच्या वाटेवर

दिंडीत घोडा न्यायचा असेल तर तयारी दीड-दोन महिने आधी करावी. नवा खुराक, नवे पूरक प्रस्थानाच्या दिवशी सुरू करू नये. घरचा कोरडा कडबा बरोबर घ्यावा. मुक्कामाला मिळेल ते ओले गवत भरवू नये. घाम आला की अंगावर पाणी घालावे, सावलीत उभे करावे, थोडेथोडे पाणी पाजावे. घोडा कुशीकडे वळून पाहू लागला, पाय आपटू लागला, लोळू लागला, लीद थांबली, तर खाणे बंद करून लगेच पशुवैद्याला बोलवावे. सरकारी फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. नळीवाचून तोंडात तेल किंवा काढा ओतू नये. तो फुप्फुसात जातो.

आणि भाविकांसाठी : अश्वाला हात जोडावेत, माती कपाळी लावावी, पण तोंडाशी काही नेऊ नये. एकाचा पेढा लहान असतो. हजारांचे पेढे मिळून विष होते. द्यायचेच असेल तर सांभाळणाऱ्याला विचारून पेंढीभर कोरडा कडबा किंवा बादलीभर स्वच्छ पाणी द्यावे. तीही ओंजळच आहे.

सारांश

आधी चारा, पाणी आणि मीठ. मग दात आणि जंत. मग उणे काय ते ओळखणे. शेवटी पुडा, तोही एकच आणि मोजून. मुक्या जिवाला आपली उणीव सांगता येत नाही. ती आपणच ओळखायची असते. ज्या पाठीवर आपण माउलींना पाहतो, त्या पाठीखालच्या पोटाचीही काळजी आपलीच.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या किंवा शेजारच्या घोड्याचे वजन टेपने काढा. त्याला कोरडा खुराक किती हवा?
2. घरातल्या पुड्यावरचा आकडा रोजच्या मात्रेवर आणून पाहा. गरजेच्या किती भाग मिळतो?
3. तो रोज कोंडा खात असेल तर कॅल्शियमची सोय कोठून होते?

रामकृष्णहरि.