मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि गणित

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. तो प्रवास जहाजाचा, कित्येक दिवसांचा होता. पुढे ५ जून १९५२ रोजी याच विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. त्या वेळी ते विमानाने गेले. दोन्ही शहरे आपापल्या जागी होती. बदलले ते प्रवासाचे साधन.

ही दोन शहरे एकमेकांपासून किती दूर आहेत? पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसते. पण शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून पाहावा. तो वायव्येकडून उत्तरेला झुकतो, आइसलंडच्या जवळून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जाऊन मग खाली उतरतो. गोलावरची जवळची वाट सपाट कागदावर वाकडी दिसते.

यातून एक नवल कळते. यवतमाळ मुंबईच्या पूर्वेला, सरळ रेषेत सुमारे ५७० किलोमीटरवर आहे. तरीही यवतमाळहून न्यूयॉर्कचे अंतर सुमारे १२,६४० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा केवळ शंभरेक किलोमीटरच अधिक आहे. कारण तो मार्ग मुंबईहून उत्तरेच्या बाजूला निघतो आणि यवतमाळ त्याच्या जवळजवळ काटकोनात आहे.

आता वेळ पाहू. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर १२,५४० भागिले ९०० म्हणजे सुमारे चौदा तास. प्रत्यक्षात थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. उड्डाण व उतरणे यांत वेग कमी असतो, मार्ग नेमका सरळ ठेवता येत नाही आणि उंचावरील जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना हे वारे समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो.

विद्यार्थी चुकतात ते घड्याळात. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून पहाटे २ वाजता निघाले आणि त्याच तारखेला न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ७.३० ला पोहोचले. वजाबाकी केल्यास प्रवास साडेपाच तासांचा वाटतो. परंतु हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. ते मिळवले की खरे उत्तर येते : सोळा तास. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

न मोजलेले अंतर नेहमीच अफाट वाटते. वसतिगृहातल्या मुलाला न्यूयॉर्क दुसऱ्या जगातले वाटत असेल, तर दोष त्याचा नाही. त्याला कोणी मोजायला शिकवलेले नसते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तीत विमानप्रवासाचा खर्चही मिळतो. सोळा तासांचा प्रवास विमान करील. त्याआधीची वाट मात्र अभ्यासानेच चालावी लागते. ती वाट याच शाळेच्या वर्गातून सुरू होते, हे पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.