सारसाच्या गावातून करकोच्याच्या गावी

महाशिवरात्रीला आमच्या नागऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. गोंदियाला लागून असलेलं हे गाव लोकांना माहीत आहे ते इथल्या जुन्या शिवमंदिरामुळे. एरवी मात्र इथलं वर्ष धानाभोवती फिरतं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण रोवणी लागली की सुटीच्या दिवशी मीही बायांबरोबर बांधीत उतरायची. गेल्या मे महिन्यात मुलगी आणि जावई यांच्याकडे जपानला गेले. ती दोघं टोकियोत निशी-कासाईला राहतात; तिथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत. तीन आठवडे राहिले. जाताना डोक्यात बुलेट ट्रेन होती. आल्यावर वहीत जे उतरलं ते वेगळंच होतं. घाई असेल त्यांनी बाकीचं चाळावं, सहावा अनुभव मात्र सावकाश वाचावा.

१. देऊळ कारखान्याकडून घेतं, मनोरा देवळाकडून.

आसाकुसाचं सेन्सोजी हे टोकियोतलं सर्वांत जुनं मंदिर. कथा अशी, की ६२८ साली सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन म्हणजे अजिंठ्यात दिसतो तो आपला अवलोकितेश्वर. अंगणात मोठ्या पात्रात उदबत्त्या जळत होत्या आणि लोक त्यांचा धूर हातांनी ओढून कपाळाला, खांद्याला लावत होते. आरतीचं तबक समोर आलं की आपणही हेच करतो. मी माझ्या दुखऱ्या गुडघ्याला धूर लावला. मग जावयाने छपराकडे बोट दाखवलं, “आई, ती कौलं टायटॅनियमची आहेत.” जुनं देऊळ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. १९५८ साली ते काँक्रीटमध्ये उभं राहिलं आणि अलीकडे भूकंपात वरचा भार कमी असावा म्हणून हलक्या धातूची कौलं चढवली. ऐकून क्षणभर मन खट्टू झालं.

पण तिथूनच स्कायट्री दिसतो, २०१२ साली खुला झालेला ६३४ मीटरचा मनोरा. सहा, तीन, चार हे आकडे त्यांच्या भाषेत ‘मु-सा-शी’ असेही वाचता येतात, आणि मुसाशी हे त्या मुलखाचं जुनं नाव. जपानच्या पाच मजली लाकडी पॅगोडांच्या मधोमध एक खांब असतो. भूकंपाचे हादरे सोसूनही ते पॅगोडे शतकानुशतकं उभे आहेत. मनोऱ्याच्या अभियंत्यांनी मधल्या खांबाची कल्पना तिथूनच घेतली आणि त्याला नावही तेच दिलं, शिनबाशिरा. हे कळल्यावर कौलांबद्दलची माझी हळहळ गेली.

२. दगड टिकवतो तसे हातही टिकवावे लागतात.

इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. जीर्णोद्धार नव्हे. शेजारी तेवढीच मोकळी जागा राखलेली असते. तिथे हिनोकी लाकडाचं हुबेहूब तसंच देऊळ उभारतात, देवीला तिथे नेतात आणि जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे ६९० साली झालं. मधल्या युद्धांच्या काळात खंड पडला, तरी २०१३ साली बासष्टावी खेप झाली. पुढची २०३३ साली. उतरवलेलं लाकूडही वाया जात नाही. मुख्य खांबांच्या पुढे पुलाजवळच्या कमानी होतात, बाकीचं दुसऱ्या देवळांना जातं.

आत जाता येत नाही. देवळाभोवती कुंपणांमागे कुंपणं; दारात पांढरा पडदा असतो आणि नमस्कार करायचा तो त्यालाच. वाऱ्याने पडदा थोडा हलला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी श्वास रोखला, मीही. देवीला रोज दोनदा नैवेद्य लागतो. त्याचा तांदूळ देवस्थानाच्या स्वतःच्या शेतात पिकतो आणि विस्तव लाकडावर लाकूड घासून पाडतात.

बाहेर येऊन खडी पसरलेल्या त्या मोकळ्या जागेकडे मी बराच वेळ पाहत राहिले. आमचं शिवमंदिर दगडाचं आहे म्हणून पिढ्या गेल्या तरी उभं आहे. पण तसा दगड घडवणारं घर आज पंचक्रोशीत कुठे आहे? इसेत वीस वर्षांचा हिशेब असा, की विशीत शिकलेला सुतार चाळिशीत हाताने काम करतो आणि साठीत दुसऱ्याला शिकवतो. देऊळ दर वेळी नवं होतं, कसब मात्र तेराशे वर्षांचं.

३. बोट दाखवा, मोठ्याने बोला.

तिथला रेल्वेचालक सिग्नलकडे बोट दाखवतो आणि काय दिसलं ते मोठ्याने म्हणतो, डब्यात कुणी ऐकत असो वा नसो. या सवयीने चुका कमी होतात. पहिलीच्या मुलांना शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावण्यात माझं आयुष्य गेलं. म्हणून त्या पांढऱ्या हातमोज्यातलं बोट पाहिलं आणि फार बरं वाटलं.

४. धान, तांदूळ, भात.

इंग्रजीत या तिन्हींना लोक एकाच शब्दात गुंडाळतात. जपानीत शेतातलं ते ‘इने’, कांडलेलं ते ‘कोमे’ आणि शिजवलेलं ते ‘गोहान’. गोहान म्हणजे जेवणसुद्धा. मुलीने हे सांगितलं तेव्हा परक्या देशात असल्याची भावना निम्मी सरली. जिथे धान पिकतं तिथे शब्द असेच वेगळे होतात, कारण बांधीतल्या बाईला, गिरणीवाल्याला आणि ताटावर बसलेल्याला एकच शब्द पुरत नाही. आणखी एक: भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवायच्या नाहीत. मृतासमोर ठेवतात त्या भातात त्या तशा रोवलेल्या असतात. पिंडाचा भात आपल्याला सांगावा लागत नाही. मी लगेच हात आखडता घेतला.

५. आपली अक्षरं आपल्याआधी पोचलेली असतात.

कोयासान हा डोंगर कुकाई या भिक्षूने ८१६ साली साधनेसाठी मिळवला. वरचा शेवटचा चढ केबल कारने चढायचा. ओकुनोइनच्या दफनभूमीत प्रचंड देवदारांखाली हजारो समाध्या आहेत. सरदारांच्या आहेत आणि आजच्या कंपन्यांनी आपल्या मृत कामगारांसाठी उभारलेल्याही. एक चक्क अग्निबाणाच्या आकाराची आहे, आणि एक वाळवीसाठी. वाळवी मारणं ज्यांचा धंदा आहे त्यांनीच ती उभारली. अशी कृतज्ञता मी कुठे पाहिली नव्हती.

जुन्या समाध्या पाच थरांच्या आहेत, एकेक थर एकेका महाभूताचा. त्यांवर सिद्धम लिपीतली अक्षरं कोरलेली: खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. वळणं जुनी आहेत, पण नागरी वाचणाऱ्या डोळ्याला ओळख पटते. शेवाळलेल्या दगडावर बोट फिरवत मी ‘र’ म्हणाले आणि डोळे भरून आले. हीच अक्षरं मी तीस वर्षं फळ्यावर गिरवली.

याच डोंगरावरच्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. विदर्भाला जपानशी असलेलं हे बौद्ध नातं नवं नाही. ओकायामात जन्मलेले भदंत सुरई ससाई नागपुरात कायमचे आमचे झाले, आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ साली जपानी मदतीने उभं राहिलं. आमच्याकडची माणसं सुटीच्या दिवशी तिथे जातात, शांत बसतात. जपान त्यांना लांबचा वाटत नाही.

६. पाखरू परत येतं, पण आधी शेत बदलावं लागतं.

तोयोओकाला जायचा हट्ट माझा. मुलीला क्योतोत आणखी दोन दिवस हवे होते.

जपानमधला शेवटचा रानटी करकोचा तोयोओकाच्याच खोऱ्यात १९७१ साली मेला. शिकार झाली, घरट्यांचे पाइन तुटले, दलदली आटवल्या आणि शेवटी औषधांनी भातशेतातले बेडूक-मासेच संपवले. १९६५ पासून पिंजऱ्यात जोड्या लावून पाहिल्या, पण चोवीस वर्षं पिल्लू झालं नाही. १९८५ साली रशियातल्या खाबारोव्स्कहून सहा पाखरं आणली, १९८९ साली पहिलं पिल्लू जगलं आणि सप्टेंबर २००५ मध्ये पाच पाखरं मोकळी सोडली.

हे सगळं मी वाचून गेले होते. शेतकऱ्यांनी काय केलं ते मात्र बांधावर उभं राहूनच कळलं. फवारणी कमी केली किंवा बंद केली. पीक वाढताना बांधीतलं पाणी काही दिवस काढतात. ते काढणं पुढे ढकललं, बेडकाच्या पोरांना पाय फुटेपर्यंत. हिवाळ्यात रिकाम्या बांध्यांत पाणी भरून ठेवलं. पाटातून बांधीत मासा चढावा म्हणून छोट्या पायऱ्यांचे नळ बसवले. झाडं उरली नव्हती म्हणून उंच खांबांवर घरट्यांसाठी मंच केले. या तांदळाला करकोच्याचं नाव मिळालं आणि दरही चढा मिळतो.

एका बांधीत रोवणी चालली होती. सत्तरीच्या पुढचे एक शेतकरी यंत्रावर बसून सरळ ओळी सोडत होते आणि कोपऱ्यात शाळेची मुलं हाताने रोवत होती. मुलीने त्यांना विचारलं, “माझी आई रोवणी करते, तिने हात लावला तर चालेल?” त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं आणि पऱ्ह्याची जुडी पुढे केली. चिखल आपल्यापेक्षा थंड होता. मी रोवत मागे सरकत गेले, तसं त्यांनी यंत्र थांबवलं, खाली उतरले आणि माझ्या शेजारी वाकून रोवायला लागले. एकमेकांची भाषा आम्हाला येत नव्हती. पऱ्हे किती घ्यायचे ते मात्र दोघांचं जुळलं.

थोड्या वेळाने मुलं ओरडली. पलीकडच्या खांबावर करकोचा उतरला होता, पांढरा, पंखांच्या कडा काळ्या. त्याला आवाज नसतो. तो मान मागे टाकून चोच वाजवतो, टाळ्या वाजाव्यात तशी. मी त्या शेतकऱ्यांना मोबाइलवर आमच्या सारसाचा आवाज ऐकवला. ते फोन कानाशी धरून उभे राहिले, मग मुलीला म्हणाले, “एवढ्या मोठ्याने बोलणारं पाखरू असेल तर लोकांना ऐकू येत असेलच.”

मला उत्तर देता आलं नाही.

७. परत बांधीत.

महाराष्ट्रात सारस राहिलाय तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात, बाघ आणि वैनगंगेच्या काठच्या शिवारांत आणि परसवाड्यासारख्या तलावांवर. अलीकडच्या मोजण्यांत तो पन्नासही भरत नाही. माणसाच्या उंचीचं पाखरू, आणि घरटं करतं ऐन पावसाळ्यात धानाच्या बांधीत. म्हणजे त्याचं जगणं-मरणं आमच्या फवाऱ्याशी बांधलेलं. विजेच्या तारा आहेत, बुजत चाललेल्या बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, आहेत. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, ‘सेवा’ नावाच्या संस्थेची मुलं घरटी राखत फिरतात. पण तुडतुडा आला की शेतकरी घाबरतो, आणि त्याचं घाबरणं खोटं नसतं. एका हंगामाचं धान गेलं की घर दोन वर्षं मागे जातं. तोयोओकात शेतकऱ्याच्या पाठीशी चढा दर उभा राहिला, तो इथेही लागेल. तोवर नुसत्या उपदेशाने काही होणार नाही.

जुलैत रोवणी लागली तेव्हा मी घरच्यांशी बोलले. बोडीलगतच्या दोन बांध्यांत यंदा फवारायचं नाही असं ठरलं. उतारा कमी आला तर तो माझ्या पेन्शनमधून. रोवायला आलेल्या बायांना मोबाइलवर ते खांबावरचं घरटं दाखवलं. एक जण फोटो निरखत म्हणाली, “बाई, खांब कायले पायजे? आपला सारस त धानातच बसते.” आणि तिने पुढचा पऱ्हा चिखलात रोवला.